उद्घाटनाआधी जिना चढू नये

पूर्णेवरच्या बंधाऱ्याला आमच्या गावानं माशांसाठी जिना बांधला आणि रिवाजाप्रमाणे उद्घाटनाआधी तो वापरायला बंदी घातली.

बंधारा झाल्यापासून मासे खालीच अडकायचे. पावसाळ्यात अंडी घालायला वरच्या डोहाकडे निघायचे आणि भिंतीला धडकून परत फिरायचे. डोह रिकामा होत गेला. त्या डोहात जाळं टाकून दुर्गाबाईचं घर चाले. यंदाही तिथं पिल्लं झाली नाहीत तर दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

सरपंच रामप्रसादांनी जिन्याच्या वरच्या तोंडाला लोखंडी जाळी तारेनं आवळली आणि तिच्यावर लाल फीत बांधली. फीत कापायला जिल्ह्याचे साहेब यायचे होते. ते यायच्या आत एखादा मासा चढून गेला तर अपमान कुणाचा, हा त्यांचा सवाल रास्तच होता. शिवाय साहेब खूश झाले तर मंठ्याचा रस्ता मंजूर होणार होता.

उद्घाटनाच्याच सकाळी पूर ओसरायला लागला आणि मासे आले. पोटं फुगलेली. पायऱ्या चढून जाळीला तोंडं लावून उभे राहिले, पाहुण्यांची वाट बघणाऱ्या शाळेसारखे. साहेब परतूरला पोचल्याचा फोन आला. नंतर ते परतूरलाच जेवायला बसलेत, असाही आला. इकडे पाणी उतरत होतं. दुर्गाबाई पायऱ्यांकडे बघत होती, रामप्रसाद रस्त्याकडे.

"सरपंच, आणखी एक पायरी उघडी पडली."

"निघालेत साहेब."

"पाणी बी निघालंय."

मासे जाळीवर आपटायला लागले, खवले सुटून पाण्यावर तरंगू लागले. दुर्गाबाईनं लुगडं खोचलं आणि ती जिन्यात उतरली. तार सुटेना. वाहून आलेल्या काडीकचऱ्यानं जाळी गच्च बसली होती. रामप्रसादांनी काठावरूनच विनंती केली की, निदान दोन तरी ठेव, साहेबांना दाखवायला.

"पोटुश्या हायेत त्या," दुर्गाबाई म्हणाली. "तुमच्या सुनंला कळा लागल्या तवा साहेबासाठी थांबिवली व्हती का?"

रामप्रसादांनी रस्त्याकडे एकदा शेवटचं पाहिलं, नवे बूट काढले आणि पक्कड घेऊन पाण्यात उतरले. दोघांनी मिळून ओढलं तेव्हा जाळी फितीसकट निघाली. मासे आभारप्रदर्शन न करता एकेक वर गेले. शेवटची मादी उथळ पाण्यात आडवी पडून तडफडू लागली. दुर्गाबाईनं तिला दोन्ही हातांनी उचलून वर सोडलं.

साहेब आले तेव्हा जिना कोरडा होता. दुसरी फीत बांधली, ती त्यांनी कापली, आणि मासे कधी येणार, म्हणून विचारलं.

"येऊन गेले, साहेब," कमरेपर्यंत भिजलेले रामप्रसाद म्हणाले.

साहेब गाडीत जाऊन बसले. रस्त्याचा विषय निघालाच नाही.

दुर्गाबाई डोहाच्या काठावर बसून होती. पाणी गढूळ होतं, आत काय चाललंय ते दिसत नव्हतं.