एक आवडलेलं, एक खटकलेलं

रेकॉर्डच्या दुकानामागच्या खोलीत दर रविवारी दुपारी सात-आठ माणसं जमायची आणि पडदे ओढून एक अख्खी रेकॉर्ड ऐकायची. नियम दुकानदाराचे होते आणि त्यात घासाघीस चालत नसे. फोन बाहेर टोपलीत. रेकॉर्ड उलटतानासुद्धा तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. आणि शेवटी खोलीतल्या प्रत्येकाने, अगदी पहिल्यांदा आलेल्यानेही, एक आवडलेलं आणि एक खटकलेलं सांगायचं. नुसतं ‘छान होतं’ म्हणून सुटका नाही. “छान तर माझी मिशीपण आहे,” असं दुकानदार म्हणायचा.

त्या रविवारी दाराजवळच्या खुर्चीत एक नर्स येऊन बसली. ती कोण हे तिथे एकालाच ठाऊक होतं, तिला घेऊन आलेल्या गायकाला. आज लागणारी रेकॉर्ड तिच्या नवऱ्याची होती. गाणी त्याची, गिटार त्याची, कीबोर्डचे एकावर एक चढवलेले थर त्याचे. गळा तेवढा या गायकाचा, त्याच्या मित्राचा. नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. मित्राने उरलेलं काम पुरं करून रेकॉर्ड काढली, एक प्रत घरी आणून दिली, आणि ती तिने कपाटात चादरींखाली ठेवली ती ठेवलीच. पण लोक काय म्हणतात ते कानावर यायचं थांबलं नाही. फार उदास आहे म्हणे. ऐकून दोन दिवस करमत नाही म्हणे. असं कुणी म्हटलं की ती मनात हिशेब मांडत बसायची. अकरा वर्षं ती त्या माणसाबरोबर एका घरात राहिली होती. एवढी उदासी त्याने आणली कुठून? घरातूनच ना? म्हणजे माझ्याकडूनच की काय? हे तिला एकदा कळायला हवं होतं, आणि सांगणारा तर निघून गेला होता.

“भावोजी, मी येते,” ती मित्राला म्हणाली होती. “पण मी कोण ते सांगायचं नाही.”

“अहो वहिनी, घरी निवांत ऐका की. तिथे एकेक नमुने भरलेत. बोलताना मागचा-पुढचा विचार करत नाहीत.”

“म्हणूनच येते. घरी सगळे माझ्याशी जपून बोलतात.”

आता यातला विचित्रपणा असा, की ही रेकॉर्ड तिच्याच घरात, तिच्याच उशाच्या भिंतीपलीकडे तयार झाली होती, आणि तिने त्यातला एक सूरही ऐकला नव्हता. तिची रात्रपाळी. सकाळी घरी यायचं, दोन घास खायचे आणि पडदे ओढून झोपायचं. छापखाना बंद पडल्यापासून नवरा दिवसभर घरी असे. संध्याकाळी चार मुलांना गिटार शिकवायचा, बाकी वेळ त्या खोलीत. झोपेचं खोबरं होऊ नये म्हणून तिनेच त्याच्या वाढदिवसाला चांगले महागाचे हेडफोन आणले. कौतुकाने आणले हो, त्यात खोट नव्हती. त्यानेही ते कौतुकानेच घातले, आणि त्या दिवसापासून त्याचं सगळं संगीत त्याच्या दोन कानांच्या मध्ये राहायला गेलं. घराच्या वाट्याला उरली ती इलेक्ट्रिक गिटारची कोरडी टिणटिण. सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, “आमचा मुलगा ना, दिवसभर तारा खाजवतो.”

टिणटिणीचं तिला काही नव्हतं. वैताग पायाचा होता. हेडफोन चढले की त्याचा उजवा पाय जमिनीवर ठोके द्यायचा, आणि ते त्याच्या गावीही नसायचं. बरं, द्यायचे तर सरळ चार-चार तरी द्यावेत. ते नाही. सात! आठव्या ठोक्याची वाट बघत तिची झोप टांगलेली राहायची आणि आठवा काही यायचा नाही. मग ती पडल्या पडल्या हात वर करून भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकायची, तीनदा. पाय थांबायचा. थोड्या वेळाने त्याला विसर पडायचा आणि पुन्हा सुरू. संसारात त्यांचं एकमेकांशी शेवटी शेवटी जे बोलणं उरलं होतं, त्यातलं बरंचसं या भिंतीतूनच चालायचं.

दुकानदाराने सुई टेकवली.

पहिल्याच गाण्यात तिला ती टिणटिण ओळखू आली. तीच, पण किती भरलेली! एकेक सूर लांबत होता, त्याच्यामागे कीबोर्ड हळूहळू खोली भरत होता, आणि मित्राचा आवाज कुणाला तरी पत्ता विचारावा तसा मधूनच येऊन जात होता. गाणी लांबलचक होती, कुठे संपतील याचा भरवसा नव्हता. तिने आयुष्यात कधी असलं काही ऐकलं नव्हतं. आपला नवरा हुशार होता, हे तिला तिथे, परक्या माणसांच्या घोळक्यात, रविवारच्या दुपारी कळलं, आणि तिला त्याचा भयंकर राग आला. दार उघडून एकदा ‘ऐक’ म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? मग तिला आठवलं की दार तिचंही बंदच असायचं.

रेकॉर्ड उलटली. कुणी बोललं नाही.

शेवटचं गाणं सुरू झालं आणि ती खुर्चीत पुढे सरकली. गाण्यात वाद्य असं जवळजवळ नव्हतंच. खाली गिटारचा एक अंधुक सूर आणि त्यावर पाय. त्याचा पाय. एक ते सात, एक ते सात. बरंच चाललं ते. मग मागून, अगदी बारीक, ठक ठक ठक. आणि पाय थांबला. त्यानंतर गिटार एकटीच वाजत राहिली, तालाशिवाय, आणि तशीच विरून गेली.

पडदे उघडले. माणसं डोळे चोळत एकमेकांकडे बघू लागली.

सुरुवात दातांच्या डॉक्टरांनी केली. त्यांना ढोबळ, दणदणीत रॉक आवडायचा आणि बाकीच्यांची फिरकी घ्यायला आवडायची. “आवडलेलं म्हणजे कव्हर. खटकलेलं म्हणजे, दुसऱ्या बाजूला मला चक्क डुलकी लागली. माझे पेशंट इंजेक्शन देऊनही इतके बधिर होत नाहीत.”

हशा झाला. गायकही हसला, असल्या शेऱ्यांना तो सरावला होता.

भूगोलाच्या निवृत्त बाई मात्र हसल्या नाहीत. “मला आवडलं ते हे, की माणूस दुःखी आहे पण गाऱ्हाणं सांगत नाही. खटकलं म्हणजे... या सगळ्या गाण्यांत दुसरं माणूसच नाही हो. कुणी येत नाही, कुणी जात नाही. एकटाच राहत असेल का तो?”

प्रश्न त्यांनी असाच हवेत टाकला होता. घरात तीन माणसं होती, असं नर्सच्या अगदी ओठांवर आलं. तिने पर्सचा बंद घट्ट धरला.

“दुसरं माणूस आहे की,” टोपीवाला म्हणाला. तो उन्हाळ्यातही लोकरीची टोपी घालायचा, म्हणून सगळे त्याला टोपीवालाच म्हणत. “शेवटचे तीन ठोके. अहो, मरण दारात येतं! पायाचा आवाज म्हणजे काळीज. ठकठक होते, काळीज बंद. मला आवडलेलं तेच आणि खटकलेलंही तेच, मी आता रात्री झोपायचं कसं?”

“मरणबिरण काही नाही,” बाई म्हणाल्या. “बाहेरून कुणीतरी हाक मारतंय. बाहेर ये, म्हणतंय.”

“छे!” डॉक्टर म्हणाले. “शेजारी वैतागलाय. पुरे कर तुझं, म्हणतोय. आणि हा बिचारा लगेच पुरे करतो.”

पुन्हा हशा. मग वाद. शेवटी डॉक्टर गायकाकडे वळले, “तुम्हीच सांगा बुवा. काय आहे ते?”

गायकाने नर्सकडे बघायचं कटाक्षाने टाळलं. “पायासाठी त्याने जमिनीजवळ माईक लावला होता. त्यात ते ठोके चुकून आले. मी काढणार होतो. तो म्हणाला, राहू दे.”

“का?”

“विचारायचं राहून गेलं. पुढच्याच आठवड्यात तो गेला.”

राहू दे. या दोन शब्दांत राग होता की माया होती, हे तिने आतल्या आत दहादा उलटून पालटून पाहिलं आणि तिला त्यातून काहीच काढता आलं नाही. तिघांनी तीन अर्थ लावले होते. चौथा ज्याला ठाऊक होता त्याने तोंड उघडलं नव्हतं, जन्मभर उघडलं नव्हतं तसंच.

“आता दाराजवळच्या ताई,” दुकानदार म्हणाला. “एक आवडलेलं, एक खटकलेलं. इथे सुटका नाही बरं का.”

तिला ती दुपार आठवली. त्या दिवशी पाय सुरू झाला आणि ती हात वर करणार एवढ्यात आपला आपणच थांबला. न ठोकता. चला, शहाणा झाला म्हणायचा, असं मनाशी म्हणून ती कुशीवर वळली होती आणि तिला कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली होती. संध्याकाळी सासूबाई चहा घेऊन त्याच्या खोलीत गेल्या तेव्हा तो खुर्चीतच होता, हेडफोन कानाला. हृदय बंद पडून तीन-चार तास झाले असतील, असं तपासायला आलेले डॉक्टर म्हणाले. तिला सांगायची गरज नव्हती. दवाखान्यात रोज तेच बघत होती ती.

“आवडलेलं मला अजून कळलेलं नाही,” ती म्हणाली. “पण खटकलेलं सांगते. पायाचा आवाज फार बारीक आहे. मोठा हवा होता.”

“अहो, काय सांगता!” डॉक्टर हसत म्हणाले. “तेवढ्यात तर माझा डोळा लागला होता. मोठा केला असता तर झोपमोड झाली असती माझी.”

“होऊ दे की,” ती म्हणाली. “झोपमोड होऊ दे.”