मुलींनी लावलेली कुलपं

विद्यापीठाला मुलींसाठी दुसरं वसतिगृह बांधायला कर्ज हवं होतं, आणि ते खोल्यांच्या भाड्यातून फिटणार होतं. जुनं तरी भरलेलं असतं का, हे पाहायला बँकेच्या बाई आल्या, त्याही ऐन सुट्टीत! आत चिटपाखरूही नव्हतं. "कुलपं काढून खोल्या झाडून ठेवा," असं वित्त अधिकाऱ्यांनी रेक्टरबाईंना दोनदा बजावलं होतं. तरी प्रत्येक दाराला मुलींनी घरून आणलेलं कुलूप तसंच लटकत होतं. कुठे पितळी, कुठे आकड्यांचं, एक तर लाल रिबीन बांधलेलं. अधिकाऱ्यांनी रेक्टरबाईंकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं पाहिलं.

बँकेच्या बाई तिन्ही मजले हिंडून खाली आल्या. "एकशे अठरा खोल्या, एकशे अठरा कुलपं. परत यायचं नसतं, तर पोरींनी कुलूप नेलं असतं. कर्ज माझ्याकडून पक्कं समजा."

अधिकाऱ्यांचा जीव भांड्यात पडला. बँकेची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, माझं ऐकलं नाहीत, बरं केलंत."

"सर, तुमचं ऐकत आले असते, तर हे वसतिगृह तरी भरलं असतं का?"