टेपमावशी गप्प झाल्या

त्या घराला वास येत नसे, आणि याचं सगळ्यांना फार कौतुक होतं. विसरभोळं म्हातारं माणूस घरात असूनही चादर कोरडी, फरशी लखलखीत. येणारा-जाणारा सुनेची पाठ थोपटून जाई. युक्ती साधी होती, शेजारणीनं शेजारणीला शिकवलेली: दुपारनंतर सासूबाईंना पाणी द्यायचं नाही. चादरी धुणारे हात एकाच बाईचे होते. मुलगा सल्ल्यापुरता, आणि लेक सुट्टीच्या दिवशी कौतुकापुरती.

सासूबाईंनी निम्म्या वस्तीचे कपडे शिवले होते. गळ्यात कायम मापाची टेप, म्हणून सगळे त्यांना टेपमावशी म्हणत. आता सुनेचं नाव आठवत नसे, पण कोणाच्या बाहीची टीप उसवलेली दिसली की त्या अजूनही नाक मुरडत.

अशाच एका सुट्टीच्या सकाळी लेक आली, तेव्हा त्या चादर चिमटीत धरून ओढत होत्या. मग हवेतच काहीतरी पकडल्यासारखं करत होत्या.

"वहिनी, बघा ना! आई शिवतेय!"

मुलगा हसत आला. "आई, माझ्या शर्टाचं बटण राहिलंय हं."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. "मुंग्या," त्या पुटपुटल्या. "काढा की रे मुंग्या."

"अहो, काल या आपल्या हातानं जेवल्या," सून म्हणाली. "आज घास तोंडात धरून बसल्यात. मघाशी ओरडत होत्या, मग झोपल्या, आता हे. डॉक्टरांना दाखवू या का?"

"डॉक्टर काय तिला तरणी करणार आहे? म्हातारचळ आहे तो. राईचा पर्वत करू नकोस."

लेकीनं आईचा हात हातात घेतला. तो तापलेला होता. तिला तो मायेचा वाटला.

दुसऱ्या दिवशी टेपमावशी गप्प झाल्या. ना ओरडणं, ना मुंग्या. "आज कशी शहाण्यासारखी पडलीय," मुलगा म्हणाला. सुनेला धुवायला चादर नव्हती. संध्याकाळी हाका मारूनही डोळे उघडेनात, तेव्हा गाडी बोलावली.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"विसरते ती. बरीच वर्षं झाली," मुलगा म्हणाला.

"विसरण्याचं विचारत नाही मी. परवा होत्या तशा आज नाहीत, हे कधीपासून? एक-दोन दिवसांत माणूस बदलला, घटकेत भ्रम, घटकेत गुंगी, तर तो जुना आजार नव्हे. अंगात दुसरं काहीतरी पेटलेलं असतं. यांना लघवीचा जंतुसंसर्ग आहे आणि अंगात पाणी उरलेलं नाही. ओरडणाऱ्याला लोक निदान इथवर आणतात. गप्प पडलेला घरीच राहतो."

"आई शिवत होती हो," लेक म्हणाली.

"ते शिवणं नव्हतं."

टेपमावशी घरी परतल्या नाहीत.

भेटायला माणसं आली. "सुटल्या बिचाऱ्या." "सुनेनं मात्र केलं हो! शेवटपर्यंत चादरीला डाग नाही!" सून मान खाली घालून ऐकत होती.

कोपऱ्यावरची बेकरीवाली सुस्कारा टाकून म्हणाली, "आमचे सासरे बघा, एरवी घर डोक्यावर घेतात. कालपासून इतके शांत झालेत! तेवढाच जिवाला आराम."

सुनेनं मान वर केली. "जेवले?"

"नाही. झोपूनच आहेत."

"पाणी?"

"अहो, पाणी दिलं की मग चादर..."

सून उठली आणि चपला शोधू लागली. नवरा दारात आडवा आला. "अगं, माणसं बसलीत. आज तू घराबाहेर? लोक काय म्हणतील?"

"सुटल्या म्हणतील. त्यांना तेवढंच येतं." आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "त्या सुटल्या नाहीत. त्या तहानलेल्या होत्या. मीच त्यांना तसं ठेवलं होतं, आणि तुम्ही सगळे मला शाबासकी देत होता."

तिनं बेकरीवालीच्या मनगटाला धरून तिला उठवलं. "चला. आधी दवाखाना."

लेक त्यांच्यामागे जिना उतरली. वर कोणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "धक्का बसलाय हो तिला," आणि सगळ्यांना हायसं वाटलं.