मस्टर्डचा उपास

ऑगस्टमध्ये वर्गातला साप घरी न्यायला कोण तयार आहे, असं क्लासेनबाईंनी पालकसभेत विचारलं, आणि लेस्याचा हात तिला न विचारता वर गेला. बाकीच्या पालकांनी सुटकेचा असा मोठा श्वास टाकला की भिंतीवरची चित्रं हलली.

खरं कारण घेवड्याचं रोप होतं. मे महिन्यात बालवाडीच्या प्रत्येक मुलाला कागदी पेल्यात एकेक रोप मिळालं होतं. आठवड्याने एकोणीस रोपं वर्गात परत आली. विसावं, म्हणजे लेस्याच्या मुलीचं, स्वावाचं, आलं नाही. त्याला लेस्याने इतकं पाणी पाजलं होतं की ते बुडून गेलं. स्वावाने वर्गात उभं राहून सांगितलं, "आमच्या घरी ते मेलं. मम्मी खूप काळजी घेते." मुलांनी टाळ्या वाजवल्या, कारण प्रत्येकाच्या बोलण्यानंतर टाळ्या वाजवायच्या असा नियम होता. आता सप्टेंबरच्या पहिल्या बुधवारी साप जिवंत परत न्यायचा, एवढ्या एका गोष्टीवर लेस्याने स्वतःची सगळी अब्रू लावली होती.

सापाचं नाव मस्टर्ड. पाठीवर मोहरीच्या सॉससारखा पिवळा पट्टा, बाजूला लाल ठिपके, अंगठ्याएवढा जाड, हातभर लांब. गार्टर साप. कॅनडातल्या या सरोवराकाठच्या गिमली गावात हे साप म्हणजे काही अप्रूप नव्हे. वसंतात इथल्या बिळांतून त्यांचे ढीगच्या ढीग बाहेर पडतात, आणि लोक गाडी थांबवून त्यांना रस्ता ओलांडू देतात. मस्टर्ड मात्र काचेच्या पेटीत जन्मला, वाढला. त्याला बाहेरचं जग ठाऊक नव्हतं आणि, लेस्याच्या मते, जेवणही ठाऊक नव्हतं.

क्लासेनबाई पेटी गाडीत ठेवून म्हणाल्या होत्या, "झाकण सांभाळा हं," आणि बहिणीकडे डोंगरात निघून गेल्या होत्या. एवढी अनुभवी बाई, आणि काय खायला घालायचं याची साधी चिठ्ठीसुद्धा देत नाही, याचं लेस्याला वाईट वाटलं. घरी आल्याआल्या तिने पेटी घासूनपुसून लख्ख केली. झाकणावर कसलेसे पुसट, फरकटलेले निळे डाग होते. ते साबणाने जाईनात, म्हणून तिने स्पिरिटने काढले. मग आरशासारख्या झाकणाकडे बघून तिला बरं वाटलं. त्या महिन्यात तिला बरं वाटल्याचा तो शेवटचा प्रसंग.

कारण मस्टर्ड जेवेना.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, लेस्या ती होता होईल तो टाळत असे. तिने विनिपेगच्या विद्यापीठातून आहारशास्त्राची पदवी घेतली होती. कोणत्या वयाला किती प्रथिनं आणि किती लोह, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. आणि तिच्या घरी पाच वर्षांची मुलगी फक्त पांढऱ्या रंगाचं अन्न खायची. लोणी लावलेल्या शेवया, सोललेलं सफरचंद, कडा काढलेला पाव. आता सापही जोडीला आला. तो पांढरंही खाईना.

लेस्याने हार मानली नाही. पेट्रोलपंपावरच्या फ्रीजमधून गळाला लावायची गांडुळं आणली. सरोवरातल्या पिकरल माशाच्या पट्ट्या कापल्या, वास येऊ नये म्हणून लिंबूपाण्यातून काढल्या. गोठवलेली उंदराची पिल्लं मागवली. त्यांचा डबा आइस्क्रीमच्या शेजारी ठेवला होता, आणि एका दुपारी तिचा नवरा हाल्डोर चमचा घेऊन त्या डब्यापर्यंत पोचला होता.

"लेस्या," फ्रीजचं दार उघडं टाकून तो म्हणाला, "आपलं लग्न झालं तेव्हा असं काही ठरलं नव्हतं."

"झाकण लाव आधी. हवा लागते त्यांना."

"त्यांना आता काय लागणार?"

स्वयंपाकाच्या काट्यावर मस्टर्डचं रोज वजन होई. रोज, सकाळी नऊला, पेटीतून काढून. बेचाळीस ग्रॅमवरून चाळीस, अडतीस, पस्तीस. लेस्याच्या वहीची चौतीस पानं भरली. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांना तिने फोन केला, तर ते म्हणाले, "ताई, मी गाई बघतो, कुत्री बघतो. साप आमच्या शेडमध्ये असतो, त्याला मी फावड्याने बाजूला करतो. एवढाच माझा अनुभव." इंटरनेटवर सापवाल्यांचा एक गट सापडला. त्यांनी विचारलं, ऊब किती? लपायला जागा आहे का? कात टाकायला आलाय का? लेस्याने आलेख जोडून उत्तरं दिली. मग कुणीतरी लिहिलं, "ताई, तुम्ही त्याच्याकडे सारख्या बघत बसता का?" लेस्याला राग आला. तिने त्या माणसाला उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायला तिला काचेला लावलेलं नाक काढावं लागलं असतं.

बुधवारला पाच दिवस राहिले, आणि सासूबाई, सिग्रून, आल्या.

सिग्रूनला सगळं गाव अम्मा म्हणे. इथल्या आइसलँडी घरांत आजीला अम्माच म्हणतात. पण सिग्रूनला ज्यांचं तिच्याशी काही नातं नाही असे लोकही म्हणत. चाळीस वर्षं ती मासळीच्या शेडमध्ये सुरी चालवत होती. लेस्या तिला मनापासून मान द्यायची, आणि तितक्याच मनापासून तिच्यापासून लपवाछपवी करायची. सापाचा उपास तिने इतके दिवस लपवून ठेवला होता. पेटीवर शाल टाकायची आणि "झोपलाय" म्हणायचं.

त्या दिवशी अम्मा शेडमधून थेट आली, गमबूट दारात, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरी दिलेला गोल्डआय मासा. स्वावा टेबलाशी बसून शेवयांच्या ताटाकडे शत्रूसारखी बघत होती.

"काय गं, जेवतेस की उपोषण?"

"मस्टर्ड पण जेवत नाही," स्वावाने सांगून टाकलं. "एकवीस दिवस झाले. मम्मी रडली, पण बाथरूममध्ये."

लेस्याची कानशिलं तापली. अम्माने शाल उचलली. "बघू तरी, राजेसाहेब कुठायत?" आणि झाकण सरकवून, पालथी पडलेली पाण्याची वाटी नीट करायला हात आत घातला.

"अम्मा, हात! आधी हात धु—"

तीन आठवडे मातीच्या दोरीसारखा पडून असलेला मस्टर्ड उठला. जीभ आत-बाहेर, आत-बाहेर झाली, मान ताठ झाली, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याने अम्माचा अंगठा तोंडात धरला. धरला तो सोडेना. उलट चावत चावत पुढे सरकू लागला, जणू अख्खी अम्माच गिळायचा बेत होता.

लेस्या इतक्या जोरात किंचाळली की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं.

"ओरडू नकोस गं," अम्मा म्हणाली. "त्याला वाटेल जेवण पळून चाललंय." सापाला दुसऱ्या हातावर तोलून ती मोरीपाशी गेली आणि अंगठ्यावर गार पाण्याची धार सोडली. मस्टर्डने नाइलाजाने तोंड उघडलं. अंगठ्यावर टाचणीने टोचल्यासारखे चार ठिपके होते.

"डॉक्टरकडे जाऊ या! अम्मा, तुम्ही बसा, मी गाडी काढते—"

"याला विष असतं तर या गावात कुणी म्हातारं झालं नसतं. सकाळपासून चाळीस पिकरल साफ केलेत मी. मी त्याला मासा वाटले." तिने साप पेटीत ठेवला आणि सुनेकडे वळली. "भूक तर वाघासारखी आहे की. तू काय देतेस त्याला? दाखव बरं."

लेस्याला जरा अभिमानच वाटला. निदान तिची पद्धत तरी कुणी बघत होतं. तिने गांडुळांचा डबा काढला, एक गांडूळ चिमट्याने उचलून चहाच्या गाळणीत ठेवलं. त्यावर बाळांच्या साबणाचा एक थेंब टाकला. फिल्टरच्या पाण्याने एकदा धुतलं, दोनदा धुतलं, तिसऱ्यांदा धुतलं. कागदी रुमालाने टिपलं. कात्रीने सारखे तुकडे करून पांढऱ्या बशीत एका ओळीत मांडले. मग स्वतःच्या हातांना लिंबाच्या वासाचं जंतुनाशक चोळलं.

अम्माने बशी जवळ ओढली.

"लेस्या पोरी," ती म्हणाली, "तू गांडुळाला आंघोळ घालतेस?"

"मातीत जंतू असतात ना."

"आणि नंतर पावडर नाही लावत? टोपडं?"

स्वावा खुर्चीवरून घसरेपर्यंत हसली. लेस्याला हसायचं नव्हतं, पण ओठ ऐकेनात. अम्माने बशी तिच्या नाकाशी धरली. "घे वास. काय येतो?"

लेस्याने हुंगलं. बाळाचा वास येत होता. न्हाऊ घातलेल्या, दुपट्यात गुंडाळलेल्या, अगदी तान्ह्या स्वावाचा. एकवीस दिवस ती एका सापाला बाळाच्या वासाचे तुकडे वाढत होती, आणि तो शहाणा प्राणी तोंड फिरवत होता.

"साप जिभेने हुंगतो हे मला माहीत होतं," ती पुटपुटली. "वहीत लिहिलंय. पान सहा."

"आता वही ठेव, आणि तूच घाल त्याला. नाही, हात नाही धुवायचे. चिमटाही नको."

लेस्याने डब्यातून मातीने माखलेलं, वळवळणारं गांडूळ दोन बोटांनी उचललं. अम्माने सांगितलं तसं गोल्डआयच्या कातड्यावर घासलं. नखांत माती गेली, मनगटापर्यंत धुरी दिलेल्या माशाचा वास चढला. पदवीदान समारंभात तिच्याबद्दल जी भाषणं झाली होती त्यांत या प्रसंगाचा कुठे उल्लेख नव्हता. तिने गांडूळ पेटीत सोडलं आणि काचेला नाक टेकलं.

मस्टर्डने जीभ काढली. गांडुळाकडे बघितलं. मग काचेपलीकडच्या त्या प्रचंड, न लवणाऱ्या दोन डोळ्यांकडे बघितलं आणि पेटीतल्या लाकडाखाली गेला.

"बघा! बघा, नाहीच खात!"

"तुझ्या पानावर कुणी असं ओठंगून बसलं तर तू खाशील?" अम्माने ओट्यावरचा टॉवेल घेऊन अख्ख्या पेटीवर टाकला. "चल. कॉफी."

"किती वेळ?"

"कॉफी संपेपर्यंत."

लेस्याने कपातली निम्मी कॉफी एका घोटात संपवली. अम्माने तिचा कप पुन्हा काठोकाठ भरला आणि सुक्या आलूबुखाराच्या थरांचा केक पुढे सरकवला. मग वर्तमानपत्र उलगडून गोल्डआय सोलायला बसली. टॉवेलखालून काही ऐकू येत नव्हतं. एकदा पेटीतली वाळकी पानं सळसळली. लेस्या अर्धी उठली. अम्माने पायानेच तिची खुर्ची मागे ओढली.

टॉवेलकडे बघायचं नाही म्हणून लेस्याने टेबलाकडे बघितलं, आणि तिथे दुसरंच काही चाललं होतं. स्वावाचा हात वर्तमानपत्राकडे सरकत होता. केशरी रंगाच्या, तेलकट, काट्यांच्या माशाचा एक तुकडा त्या हाताने उचलला, आणि तोंडात टाकला. मग दुसरा. अम्मा हाल्डोरच्या नावेचं इंजिन कसं खोकतं याबद्दल बोलत होती आणि बोलता बोलता काटे काढलेले तुकडे कागदाच्या कडेला ठेवत होती, स्वावाकडे न बघता, जणू ते तिथे आपोआप येत होते.

लेस्याला राहवेना. 'शाब्बास गं माझी राणी, बघ, खाल्लास ना! किती लोह असतं त्यात!' एवढं सगळं जिभेवर आलं. तोंड उघडलंही. टेबलाखाली अम्माचा पाय तिच्या नडगीवर असा बसला की डोळ्यांत पाणी आलं.

"फ्रीज बघ," अम्मा हळूच म्हणाली.

म्हणून लेस्याने फ्रीज बघितला. एका बाजूला टॉवेल, एका बाजूला मुलगी, दोन्हीकडे बघायचं नाही. आयुष्यात इतकं कठीण काम तिने केलं नव्हतं. फ्रीजवर लोहाचा तक्ता लावलेला होता. तिने तो वरपासून खालपर्यंत तीनदा वाचला.

कॉफी संपली तेव्हा अम्माने टॉवेल उचलला. गांडूळ नव्हतं. मस्टर्ड पेटीतल्या उबेच्या दिव्याखाली पसरला होता, पोटात एक छोटा फुगवटा, नाकाच्या शेंड्यावर मातीचा कण. तो कण पुसायला लेस्याचा हात पुढे झाला, आणि आपण होऊनच मागे आला. वजनाचा काटा मात्र अम्माने आधीच पिशवीत टाकला होता. "जेवल्यावर उचललंस तर ओकेल. बुधवारी परत देईन."

मंगळवारपर्यंत तो आणखी दोनदा जेवला. टॉवेलखाली.

बुधवारी शाळेत क्लासेनबाईंनी पेटी घेतली आणि विचारलं, "काही त्रास नाही ना दिला?"

"छे, छे," लेस्या म्हणाली. चौतीस पानांची वही तिने पाठीमागे धरली होती.

"त्याने आमच्या अम्माला थोडंसं खाल्लं," स्वावा म्हणाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या.

बाईंनी झाकण उचललं, उजेडात फिरवलं, पुन्हा फिरवलं. "अरेच्चा. इथे सगळं लिहिलं होतं ना मी. निळ्या पेनाने. गांडूळ मातीसकट द्या, वर टॉवेल टाका, अडलं तर फोन करा, नंबरसुद्धा होता. कुणी पुसलं?"

झाकण आरशासारखं चमकत होतं. त्यात लेस्याला स्वतःचा चेहरा अगदी स्पष्ट दिसला. शेजारी स्वावाने बोलायला छाती भरून श्वास घेतला.

"मी," लेस्या तिच्या आधी म्हणाली. "पहिल्याच दिवशी. स्पिरिटने."

क्लासेनबाईंनी झाकण टेबलावर ठेवलं. मग टेबलावरचा निळा पेन तिच्या हातात दिला. "मग पुढच्यासाठी तुम्हीच लिहा."

लेस्याने वही बाकावर ठेवली आणि झाकणावर वाकली. लिहिण्यासारखं खूप होतं. तिने तीन ओळी लिहिल्या, आणि चौथीत 'बघत बसू नये' एवढं लिहून थांबली. उठताना तळहात अक्षरांवर टेकला आणि शाई हाताला लागली.

तो डाग तिने धुतला नाही. निदान गाडीत बसेपर्यंत.