बंद केलेला पूल

ऑक्टोबरात मिस्सासाठी माझ्या घराचा नंबर लागला. आमच्या गॉर्टनाबोत अकरा घरं. वर्षातून दोनदा फादर एकेका घरी येतात, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मिस्सा, म्हणजे चर्चमध्ये होते तीच प्रार्थना, म्हणतात, सगळं गाव तिथे जमतं आणि मग भरपेट न्याहारी करून पांगतं. आई गेल्यापासून आमचं घर बंद होतं, त्यामुळे पस्तीस वर्षं आमचा नंबर चुकत आला होता. मी निवृत्त होऊन परत राहायला आले आणि फादर कॅनव्हननी मला न विचारता यादीत नाव घातलं.

मिस्सा व्हायची त्या घराला आधी रंग लावायचाच, असा इथला नेम आहे. कोणी बघायला येत नाही म्हणतात, पण दाराची मागची बाजूसुद्धा बघतात. पासष्टाव्या वर्षी मी तीन आठवडे शिडीवर होते. जिल्हा कौन्सिलची मुख्य इंजिनीअर म्हणून मी निवृत्त झाले, डब्लिनला इंजिनीअरांच्या संस्थेची अध्यक्ष झाले तेव्हा पेपरात फोटो आला होता. एक फोन केला असता तर चार रंगारी आले असते. पण मला वाटत होतं की शेजारचं कोणीतरी डोकावेल आणि म्हणेल, "दे गं तो ब्रश इकडे." कोणी डोकावलं नाही. मीही कोणाला हाक मारली नाही.

कप-बशाही आदल्या खेपेला ज्यांच्याकडे मिस्सा झाली त्यांच्याकडून मागून आणायच्या, ही रीत. मी शहरात जाऊन चाळीस नवे कप विकत आणले. पोस्टमननं खोकं पाहिलं, म्हणजे गावानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात पीठ घ्यायला गेले तर दुकानदार पॅकी रुआन चेहरा अगदी साधा ठेवून म्हणाला, "काय मिस टार्पी, हॉटेल काढताय म्हणे?"

"हो," मी म्हटलं. "तुला भांडी घासायला ठेवणार आहे."

तो हसला, पण 'मिस टार्पी' काही सुटलं नाही. याच पॅकीनं लहानपणी माझ्या वेणीला खेकडा लावला होता.

खरं म्हणजे रंग काय नि कप काय, सगळं निमित्त होतं. मिस्साच्या दिवशी मला सगळ्यांसमोर एक गोष्ट कबूल करायची होती. ऐकून ते उठून गेले, तर घर विकून शहरातल्या दोन खोल्यांत परत जायचं, हे मी ठरवलं होतं. घरं विकणाऱ्या माणसाचा फोन नंबर चिठ्ठीवर लिहून ड्रॉवरमध्ये ठेवला होता. आणि न्याहारीला थांबले, तर मरेपर्यंत इथेच राहायचं.

मी १९६० साली गॉलवेहून इंजिनीअर होऊन बाहेर पडले, वर्गात एकटी मुलगी. कौन्सिलात लागले तेव्हा त्या इमारतीत बायकांसाठी संडास नव्हता. पहिली चार वर्षं मी रस्ता ओलांडून समोरच्या लायब्ररीत जात असे, आणि लायब्रेरियनला वाटायचं की मला वाचनाचं फार वेड आहे. सरकारी नियम असा, की बाईनं लग्न केलं की नोकरी सोडायची. डॉमिनिक नावाचा एक शाळामास्तर माझ्यासाठी सहा वर्षं थांबला. सातव्या वर्षी त्यानं औषधवाल्याच्या मुलीशी लग्न केलं. नियम उठला तेव्हा त्यांना तिसरं मूल होऊ घातलं होतं. मला त्याचा राग आला नाही, नियमाचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तर अडुसष्ट सालच्या फेब्रुवारीत नदीला मोठा पूर आला आणि गॉर्टनाबोचा जुना दगडी पूल तपासायला साहेबांनी मला पाठवलं. माझंच गाव, माझीच नदी. मधल्या खांबाच्या पायाशी मी लोखंडी सळई ठोकून पाहिली. ती आठ फूट नुसत्या चिखलात गेली. खाली काही टणक लागेना. सळई चार जागी ठोकायची असते. पण पाणी अंगावर येत होतं, काठावर माणसं उभी राहून बाई कशी पडते ते बघत होती. मी एकाच जागी ठोकली आणि वर आले.

पुलाशेजारी राहणारे म्हातारे बार्टली लॅव्हेल मला म्हणाले, "पोरी, तो चिखलात नाही उभा. खाली ओकचे ओंडके आहेत. माझ्या पणजोबानं घातलेत. आपल्या दलदलीतलं ओक कुजत नसतं."

"कुठे कागद आहे का याचा?"

"कागद कुजतो," म्हातारे म्हणाले आणि काठावरचे सगळे हसले.

माझ्या जागी पुरुष असता तर त्यानं म्हाताऱ्याबरोबर चहा घेतला असता आणि अहवालात 'माझ्या मते पूल सुस्थितीत आहे' असं लिहून टाकलं असतं, नि साहेबांनी सही केली असती. माझ्या मताला तिथे कोण विचारतो! माझ्याकडे होता तो आकडा, आणि आकडा वाईट होता. शिवाय ते हसणं मला झोंबलं होतं, हेही सांगून टाकते. मी पूल बंद केला. गाडी नाही, गाढव नाही, पायी माणूससुद्धा नाही. पलीकडे जायचं तर चौदा मैलांचा वळसा.

बार्टलींचा मुलगा मॅटी कौन्सिलच्या रस्त्यांवर मुकादम होता, माझ्याच हाताखाली. शांत माणूस, दगड हातात घेऊन त्याचं वजन सांगायचा. मी त्याला लेखी हुकूम दिला. तोंडानं वर सांगितलं, "बिशप आले तरी सोडायचं नाही."

"बरं, मिस," तो म्हणाला.

तीन मार्चला दुपारी आईच्या छातीत कळ आली. आमचं घर पुलापलीकडे. डॉक्टर पुलापाशी आला तेव्हा तिथे आडवी फळी लावून मॅटी उभा होता. डॉक्टर त्याच्या अंगावर ओरडला, "अरे गाढवा, कोणाची आई आहे ती, माहितेय ना?"

मॅटी म्हणाला, "माहितेय. मिसचाच हुकूम आहे."

डॉक्टर वळसा घालून पोचला तेव्हा आईला जाऊन दहा मिनिटं झाली होती.

अंत्यविधीला सगळं गाव आलं. माझा हात हातात घेऊन जो तो हळू आवाजात बोलला आणि दाराबाहेर गेल्यावर म्हणाला, बाईनं सख्ख्या आईसाठीसुद्धा नियम मोडला नाही. ते कौन्सिलपर्यंत पोचलं. त्या वर्षापासून सभेत मी बोलायला लागले की साहेब लोक मान देऊन ऐकत. माझं पुढचं सगळं करिअर त्या दुपारवर उभं आहे.

एकाहत्तर साली जुना पूल पाडून नवा बांधायचं काम निघालं. काम माझ्याकडेच आलं. मधला खांब उतरवला, पाणी उपसलं आणि खाली ओकचे ओंडके निघाले. एकाला एक लावून बसवलेले, काळेकुट्ट. मॅटीनं पहार मारली तर ती टण्ण करून उडाली. माझी तीन वर्षांपूर्वीची सळई त्यांच्या कडेपासून वीतभर अंतरानं गेली होती. आणखी शंभर वर्षं तो पूल कुठेही जात नव्हता.

खड्ड्यातून मॅटीनं वर माझ्याकडे पाहिलं. नुसता पाहतच राहिला.

मी म्हटलं, "काँक्रीट ओता."

"बरं, मिस."

संध्याकाळपर्यंत सगळं झाकलं गेलं. दुसऱ्याच महिन्यात मी जिल्ह्याच्या उत्तर भागात बदली मागून घेतली. मॅटीची ती नजर मला सहन होणार नव्हती. माझ्या चुकीचा तो साक्षीदार होता, आणि मला वाटायचं, हा कधी बोलणार, कोणापुढे बोलणार. पुढे मी सतरा पूल बांधले, प्रत्येकाची सळई वीस-वीस जागी ठोकायला लावली. हाताखालची पोरं मला मागे 'सळईबाई' म्हणत. गॉर्टनाबोत मात्र कोणाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. कोणी गेलं की त्याच्या नावानं मिस्सा सांगायची, तिचं कार्ड पोस्टानं घरच्यांना पाठवायचं, की झालं.

मिस्साच्या सकाळी चौतीस माणसं आली. स्वयंपाकघरात मावेनात, जिन्यावर बसली. फादरनी मिस्सा म्हटली, मग कपडे बदलून ते टेबलाशी बसले आणि मी त्यांच्यासाठी कापून ठेवलेल्या पपनसाकडे संशयानं बघू लागले. सोडा ब्रेड होता, हॅम होतं, उकडलेली अंडी होती. चहाची किटली माझ्या हातात होती. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं.

"जरा थांबा," मी म्हटलं. "वाढायच्या आधी मला काही सांगायचंय."

आणि सांगितलं. सळई एकाच जागी ठोकली ते, बार्टलींचं ऐकलं नाही ते, ओंडके, काँक्रीट, सगळं. तीन वर्षं तुम्हाला चौदा-चौदा मैल हिंडवलं ते विनाकारण, असं म्हटलं. डॉक्टरचं सांगताना आवाज चिरकला. सभेत कधी चिरकला नव्हता. मग मी किटली धरून उभी राहिले आणि कोण आधी उठतं ते बघू लागले.

पॅकी रुआननं घसा साफ केला. "मिस टार्पी, त्या खड्ड्यात सात गडी होते. सातही जणांना डोळे होते. हे आम्हाला एकाहत्तर सालापासून माहितेय."

"सगळ्यांना?"

"फादरना सोडून. ते नवीन आहेत."

फादर इथे येऊन नऊ वर्षं झाली होती. सगळे हसले. जिन्यावरून कोणीतरी ओरडलं, "जुन्या पुलावरून दुधाची लॉरी गेली असती का रे कधी? बाईनं नवा बांधला तो काय वाईट आहे?"

"तेच म्हणतो मी," पॅकी म्हणाला. "फिडेल्मा, चहा ओत आता, निवतोय. आणि ते हॅम इकडे सरकव."

मिस टार्पी नाही, फिडेल्मा म्हणाला. मी चहा ओतला. अर्धा बशीत गेला. मला रडू येत होतं, हसू येत होतं आणि सडकून भूक लागली होती. मी उभ्यानंच दोन अंडी खाल्ली. बत्तीस वर्षं मी या लोकांना भिऊन लांब राहिले आणि ते बत्तीस वर्षं सगळं जाणून होते. ड्रॉवरमधली चिठ्ठी मी चुलीत टाकली.

मिस्सानंतर शेजारच्या बायका भांडी आवरायला थांबतात. बाकीच्या एकेक करून गेल्या, डीलिया लॅव्हेल शेवटी राहिली. मॅटीची बायको. मॅटी चौऱ्याण्णवमध्ये गेला. ती आता ऐंशीला आलेली, पण पाठ ताठ. मी धूत होते, ती पुसत होती. मघाशी सगळे हसले तेव्हा ती हसली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं.

"तुझ्या जिवाला बरं वाटलं ना?" ती म्हणाली.

"फार बरं वाटलं, डीलिया. एवढी वर्षं मला वाटत होतं, गाव मला माफ करणार नाही."

"गावाला काय, दुधाची लॉरी मिळाली." तिनं एक बशी ठेवली. "ते ओक दिसलं ना, त्या दिवशी मॅटी घरी येऊन जेवला नाही. म्हणाला, डीलिया, पूल धड होता. मी डॉक्टरला सोडलं असतं तर ती बाई वाचली असती. मी म्हटलं, हुकूम काय तुझा होता? तर म्हणतो, हात माझा होता."

मी नळ बंद केला.

"त्याला वाटलं तू येशील," डीलिया म्हणाली. "तू इंजिनीअर. तुला कळतं चूक कोणाची ते. येऊन एवढंच म्हणशील, मॅटी, तू नाही मारलंस माझ्या आईला. रविवारी चर्चबाहेर उगाच घुटमळायचा, गाड्या बघत. मी म्हणायची, अरे तूच जा ना तिच्याकडे! तर म्हणायचा, कुठल्या तोंडानं जाऊ, आई तिची गेलीय. तेवीस वर्षं गं. शेवटी शेवटी हॉस्पिटलात नर्सला विचारायचा, मिस आल्या होत्या का?"

"मला माहीत नव्हतं."

"नव्हतंच. तू कार्ड पाठवलंस. छान होतं कार्ड."

त्या खड्ड्यातून तो माझ्याकडे बघत होता, तेव्हा मला वाटलं होतं की तो माझा न्याय करतोय. तो वाट बघत होता. मी वरून एक वाक्य म्हटलं असतं तर पुरलं असतं, आणि मी काँक्रीट ओता म्हटलं. बत्तीस वर्षं मी माझ्या चुकीचा विचार केला, माझ्या नावाचा केला, आईचा केला. त्याच्या मनात काय चाललं असेल, हा विचार मला एकदाही शिवला नाही. मला स्वतःची अशी शिसारी कधी आली नव्हती.

मी डीलियाकडे वळले आणि स्पष्ट म्हटलं, "मॅटीनं माझ्या आईला मारलं नाही. चूक माझी होती. सगळी माझी."

"मला ठाऊक आहे ते," डीलिया म्हणाली. "मला कुठे ऐकायचं होतं?"

आणि ओला टॉवेल माझ्या हातात देऊन ती आपला कोट शोधायला गेली.