ल चा त

मातीला फसवता येत नाही, असं मी एकतीस वर्षं नव्या पोरापोरींना ऐकवत आले. माती बघणारी फसू शकते, हे पुढचं वाक्य मला कधी सुचलंच नाही. ते एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुचलं. त्या दिवशी आम्ही पनवेलजवळच्या नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या बोरीच्या वाडीत गेलो होतो.

काम साधं होतं. कातकऱ्यांच्या या वाडीत बारा वर्षांपूर्वी सव्वीस घरकुलं बांधली होती. तिथंच आणखी दहा बांधायची होती, म्हणून जमिनीची नवी पत्रिका हवी होती. माणसाची असते तशी मातीचीही पत्रिका असते. थर किती, रंग कोणता, पोत कसा, पाऊस किती पडतो, पाणी मुरतं की साचतं, हे सगळं नोंदवायचं आणि शेवटी तिची जात ठरवायची. इथली जुनी पत्रिका १९९६ सालची होती आणि तिच्यावर सही माझीच होती. जूनमध्ये मी निवृत्त होणार. जिथं पहिली पत्रिका केली तिथंच शेवटची करायची, हे मला इतकं आवडलं होतं की त्या दिवशी मी मिरवतच निघाले.

"मॅडम, जुनीच कॉपी करू या ना," जीपमध्ये इरा म्हणाली. इरा माझी ज्युनियर. पावसाचे आकडे तिच्या टॅबवर नाचत असतात, पण खड्ड्यात उतरायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. "सॅटेलाइटवर काहीच बदल दिसत नाहीये."

"कॉपी करायला पनवेलला झेरॉक्सवाले खूप आहेत," मी म्हटलं. "आपल्याला पगार खड्ड्यात उतरायचा मिळतो."

जिभेला काय, हाड थोडंच असतं!

खड्डा खणायला वाडीतलेच पांडू आणि पारू हे नवराबायको होते. पांडू पहारीनं खणायचा, पारू घमेल्यानं माती वर काढायची. पन्नाशीची बाई, पण हाताला थकवा नाही. मी काठावर बसून जुनी पत्रिका मोठ्यानं वाचत होते आणि माती अगदी माझ्या शब्दाला जागत होती. वरची माती तांबूस, भुसभुशीत, पावसाचा निचरा करणारी. चिमूटभर भिजवून बोटांत वळली, रंगांच्या वहीला लावून पाहिली. एकतीस वर्षांपूर्वी लिहिलेला रंग तंतोतंत जुळला. मी इराकडे पाहिलं. हाताच्या काकणाला आरसा कशाला?

दोन फुटांवर पहार खणकन वाजली.

"हा बघ," मी इराला म्हटलं. "दोन फुटांवर पक्का खडक. माती याच खडकाची झालेली, जागच्या जागी. घरं बांधायला याहून चांगली जागा नाही. लिही."

इरा लिहायला लागली. तेवढ्यात पांडूनं पहार खाली खुपसली, जोर दिला आणि माझा पक्का खडक उचकटून बाहेर आला. कलिंगडाएवढा धोंडा. पांडूनं तो दोन्ही हातांनी उचलून माझ्या पायाशी ठेवला.

"ह्यो नाय खडक, बाई," तो म्हणाला. "खाली अजून माती हाय."

मी हसले. हसण्यासारखं काही नव्हतं, पण तोंडाला दुसरं काही सुचलं नाही. "खणा," मी म्हटलं.

खाली धोंडेच धोंडे. कोणी उभा, कोणी आडवा, कोणी तिरपा, सगळ्यांच्या कडा धारदार. जागच्या जागी झालेल्या मातीत दगड असे नसतात. तिथं ते खाली खाली मऊ, कुजल्यासारखे होत जातात, नख लावलं तरी पापुद्रे सुटतात. हे दगड कुठून तरी आले होते आणि आले तसे पडले होते. मला ते तीन फुटांवरच कळलं. खरंच कळलं. तरी मी इराला म्हटलं, "एखादा ओढा असेल जुना." मला स्वतःचाच राग येत होता आणि तो मी बिचाऱ्या इरावर काढत होते.

साडेचार फुटांवर तांबडी माती संपली. तिच्याखाली एकदम काळी, मऊ माती लागली, कोळशाचे कण असलेली, गवताच्या कुजलेल्या मुळ्यांची. ही कधीकाळची वरची जमीन होती. तिच्यावर ऊन पडत होतं, माणसं चालत होती. नंतर साडेचार फूट डोंगर तिच्यावर येऊन पडला.

पारूनं घमेलं बाजूला ठेवलं आणि हातानंच माती सारायला लागली. आधी एक दगड निघाला, मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही तीन कोनांत, एकमेकांकडे तोंड करून. मधे बोटभर राखाडी थर होता.

"बाई," ती म्हणाली, "ही चूल हाय."

मी काठावरून खड्ड्यात उतरले, राख चिमटीत घेतली. राखच होती. पायाखालची जमीन सरकली असं आपण उठसूट म्हणतो. मी ते पुन्हा म्हणणार नाही. मी मान वर केली तेव्हा सव्वीस घरकुलं तिथंच होती, दोरीवर फ्रॉक वाळत होते, आणि त्यांच्या मागे मुरमासाठी पोट कोरलेला डोंगर उभा होता.

"इरा, पाऊस," मी म्हटलं.

तिनं टॅब पाहिला. तिचा आवाज उतरला होता. "मॅडम, तीन दिवसांत सहाशे मिलिमीटरच्या वर... जुन्या पत्रिकेच्या आधीच्या वीस वर्षांत एकदाच. गेल्या दहा वर्षांत चारदा."

"पारूबाई," मी विचारलं, "इथं आधी वाडी होती का?"

"म्हातारी मानसं बोलायची. डोंगर आयला आनि वाडी गेली. आमच्या आज्याच्याबी आधी." तिनं पदरानं हात पुसले. "म्हनून तर ह्या मातीला आयली बोलतात."

"काय बोलतात?"

"आयली. वरनं आयली ती. माझ्या सासऱ्यानं सांगल्यालं, काशीराम हिलम. एक बाय आयल्याली, कागदावर लिवून न्हेलं तिनं. केसाला लाल रिबीन व्हती तिच्या."

लाल रिबीन! मी सत्तावीस वर्षांची होते. वाडी तेव्हा वर डोंगराच्या सोंडेवर होती. तिथली एक नवी नवरी मला तांब्याभर पाणी देऊन दाराआड उभी राहिली होती. म्हातारा ओसरीवर बसला होता आणि मी घाईत होते, कारण पनवेलला जाणारी शेवटची एसटी साडेपाचची होती. मी खड्डा खणलाच नव्हता. खाली पायथ्याशी हातानं मातीत गिरमिट फिरवलं होतं, ते दोन फुटांवर दगडाला अडलं, आणि मी लिहिलं, खाली खडक. मग पत्रिकेतला शेवटून दुसरा रकाना, मातीचं स्थानिक नाव. म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "आयली माती." मी म्हटलं, "आयती?" तो पुन्हा काहीतरी म्हणाला, हात डोंगराकडे करून. मी म्हटलं, "हो हो, आयती. म्हणजे आपोआप तयार झालेली, जागच्या जागी." तो गप्प बसला. शिकलेल्या सरकारी बाईपुढे किती वेळा नाही म्हणणार?

ध चा मा करून माणूस मारल्याचं आम्ही शाळेत शिकलो. मी ल चा त केला होता. फरक एवढाच की मला मारायचं कोणालाच नव्हतं, मला फक्त एसटी गाठायची होती.

जुना कागद मी पारूच्या पुढे धरला, जणू तिला वाचता येणार होतं. "हे मी लिहिलं," मी म्हटलं. "आयती लिहिलं. ती बाई मीच."

ती माझ्या पांढऱ्या केसांकडे बघत राहिली. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"घरं आयली तवा सासरा खाली येयाला तयार नव्हता," ती म्हणाली. "बोलायचा, ती आयली माती हाय, तितं झोपू नुका. आमी बोललो, बाबा, शिकल्याली बाय लिवून गेली, जागा बरी हाय, सरकारी कागुद हाय. आख्ख्या वाडीनं त्याला येडा म्हनला. तो वर सोंडंवरच ऱ्हायला, झोपडीत. तितंच मेला, आठ वर्सं झाली." तिनं वर सोंडेकडे पाहिलं. "मीबी येडा म्हनली त्याला. मीच जास्ती."

पांडू चुलीच्या तीन दगडांजवळ उकिडवा बसला होता. बापाचं नाव निघालं तसा तो राखेवर पडलेली माती हातानं बाजूला सारू लागला.

मी तिथंच, खड्ड्याच्या काठावर बसून, नवी पत्रिका लिहायला घेतली. उत्पत्ती: जागची नाही, डोंगरावरून कोसळलेली. खोली: खडक लागला नाही. घरबांधणी: अयोग्य. नवी दहा घरं बांधू नयेत, जुनी सव्वीस पावसाळ्याआधी रिकामी करावीत. शेऱ्यात लिहिलं, १९९६ ची नोंद चुकीची आहे, ती मी केली, खड्डा न खणता केली.

"मॅडम, हा शेरा..." इरा हळूच म्हणाली. "तुमचे दोन महिने राहिलेत. चौकशी लागेल. 'नव्या पाहणीनुसार' एवढं लिहिलं तरी चालेल की."

"तसं लिहिलं तर हे लोक विचारतील कुठला कागद खरा, जुना की नवा. वरचे लोक सोयीचा उचलतील," मी म्हटलं. "आणि या घोळात एक पावसाळा जाईल. या घरांकडे आहे का तेवढा एक पावसाळा?"

इरानं मान हलवली आणि जीपकडे गेली. रेंज शोधत उंच दगडावर चढून तिनं खड्ड्याचे आणि चुलीचे फोटो तालुक्याला पाठवले, आणि साहेबांना फोन लावून इतक्या मोठ्यानं बोलायला लागली की मला ऐकू येत होतं. "उद्या नाही सर, आज. तुम्ही आज या."

"बाई," पारू म्हणाली, "त्या जुन्या कागदावर सासऱ्याचं नाव हाय का? त्यानं सांगल्यालं."

मी पाहिलं. माहिती देणारा, असा रकाना होता. त्यात माझ्या सुबक अक्षरांत लिहिलं होतं: एक वृद्ध. निरक्षर.

खोटं बोलता आलं असतं. मी वाचून दाखवलं.

मग नव्या कागदावर त्याच रकान्यात लिहिलं, काशीराम हिलम. वरच्या रकान्यात लिहिलं, आयली. दोन्ही वाचून दाखवले. पारू शेजारी येऊन बसली. मातीनं भरलेलं बोट तिनं कागदावर टेकवलं, तिथं तांबडा ठसा उमटला.

"ल कंचा यातला?"

मी दाखवला.

"त नाय ना झाला परत?"

"नाही."

"मोटा काढा, बाई. आता कुनाचं चुकाया नुको."

मी ल गिरवायला घेतला. तिच्या बोटाच्या मातीत शाई पसरली आणि तो मलाच वाचता येईना. मी तो खोडला आणि पुन्हा काढला.