दोन खुर्च्यांचं सलून

सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या. थोरल्या भावाच्या खुर्चीत जुन्या पक्षाची माणसं बसायची, धाकट्याच्या खुर्चीत नव्या पक्षाची. एक खुर्ची रिकामी असली तरी माणूस वर्तमानपत्र चाळत आपल्या खुर्चीची वाट बघायचा, पण विरोधकाच्या हाती गळा द्यायचा नाही.

ही शक्कल थोरल्याची. खरं तर मनातून तो नव्या पक्षाचा आणि धाकटा जुन्याचा. पण वडिलांची जुनी गिऱ्हाइकं थोरल्याची, तरुण पोरं धाकट्याची, म्हणून दोघांनी धंद्यापुरते पक्ष बदलून घेतले. दिवसभर वस्तरा चालवत तावातावाने भांडायचे आणि शटर खाली आलं की पोट धरून हसायचे.

यंदा मत देऊन थोरला घरी आला तो तोंड पाडूनच.

"अरे, बटण दाबताना हात जुन्या पक्षाकडेच गेला," तो म्हणाला. "इतकी वर्षं त्यांची बाजू मांडून मांडून मला पटलीच की!"

धाकटा ओशाळला. "माझंही तेच झालं, दादा. मी नव्याला दिलं."

"त्या चोरांना?" थोरला ताडकन उठला.

"चोर कुणाला म्हणतोस?"

बघता बघता आवाज चढले. थोरल्याची बायको स्वयंपाकघरातून धावत आली. सलून बंद, घरात परकं माणूस नाही. तिला काही कळेना.

"अहो, गिऱ्हाईक कुठंय? भांडताय कुणासाठी?"

दोघांपैकी कुणीच हसलं नाही.